पहिल्या नोकरीसाठी पाठवलेले प्रोजेक्ट

आज दिवसभर नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलामुलींचे गिटहबवरचे (कोड ठेवायची साइट) प्रोजेक्ट तपासले. कोड बरा असतो हो, पण दुसऱ्याच्या मशीनवर चालतच नाही! रीडमी, म्हणजे प्रोजेक्ट कसा चालवायचा ते सांगणारी फाइल, कोरी, पायथनची आवृत्ती कुठेच नाही, लागणाऱ्या लायब्ररींची यादी असलेली रिक्वायरमेंट्स फाइल गायब. पाठवण्याआधी रेपो (गिटहबवरचा अख्खा प्रोजेक्ट) नव्या फोल्डरमध्ये क्लोन करा, म्हणजे त्याची प्रत उतरवा, आणि रीडमीत लिहिलंय तेवढंच करून पाहा. काय राहिलंय ते लगेच कळतं.

त्याहून वाईट म्हणजे कमिटमध्ये (गिटने जपून ठेवलेल्या बदलांच्या नोंदीत) राहिलेली एपीआय की, म्हणजे एखादी ऑनलाइन सेवा वापरायची गुप्त किल्ली. पुढच्या कमिटमध्ये पुसली तरी जुन्या हिस्टरीत ती तशीच दिसते. फाइलचं नाव नंतर गिट-इग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) टाकूनही उपयोग नाही, आधीच ट्रॅक झालेल्या, म्हणजे गिटच्या नोंदीत आलेल्या फाइलला तो नियम लागत नाही. म्हणून आधी की रद्द करून नवी घ्या, साफसफाई मग.