भुंगेऱ्याखालची भुकटी

११ ऑगस्ट, रात्री

दुपारी पावसाने उघडीप दिली म्हणून कीटकांच्या पेट्या माळ्यावरून खाली काढल्या. दुसऱ्या पेटीत हुमणीच्या भुंगेऱ्याखाली बारीक तपकिरी भुकटी दिसली आणि काळजात धस्स झालं. भिंगातून पाहिलं तर भुकटीत केसाळ अळ्यांच्या काती. ॲन्थ्रेनस. हा किडा जेमतेम ३ मिलिमीटरचा, पण त्याच्या अळ्या वाळलेला नमुना आतून पोखरून नुसतं टरफल मागे ठेवतात.

डांबरगोळ्यांवर मी फार विसंबलो. वासाने बाहेरचा किडा बिचकत असेलही, पण आत शिरलेली अळी खातच राहते. शिवाय गोळी थर्मोकोलला टेकली होती तिथे थर्मोकोल विरघळून खड्डा पडलाय.

आईने फ्रीजरमधले ओल्या खोबऱ्याचे डबे कडेला सारून जागा करून दिली. पेटी दोन पिशव्यांत घट्ट बांधून उणे १८ अंशांत दोन आठवडे राहील. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडायची नाही, दिवसभर तशीच ठेवायची. नाहीतर थंड किड्यांवर दव धरतं आणि मग बुरशी.

त्यानंतरचं घर म्हणजे रबरी कडेच्या झाकणाचा, वाणसामानाचा हवाबंद डबा. लाकडी काचपेटीपेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि फटी नाहीत. तळाला चपला शिवणाऱ्याकडून आणलेला ईव्हीए फोम. कोपऱ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या निळ्या खड्यांची पुरचुंडी; खडे गुलाबी झाले की स्वयंपाकातून बाद केलेल्या तव्यावर मंद आचेवर तापवायचे. पैसे घालायचे ते स्टीलच्या कीटक-टाचण्यांत. शिंप्याच्या टाचण्या दोन पावसाळ्यांत गंजल्या आणि उपसताना एका भुंगेऱ्याची छातीच फुटली.

फुलपाखरं मी धरत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्यांतली कितीतरी संरक्षित आहेत. माझ्याकडे फक्त शेतातल्या किडी.

त्या हुमणीच्या भुंगेऱ्याची गाव-वेळेची चिठ्ठी मात्र शाबूत आहे: 'वाळवा, कडुलिंबावर, ९ जून, संध्या. ७.३०'. वळवाचा पाऊस पडून गेला होता, आजोबांनी बॅटरी धरली होती आणि मी बांबूने फांदी झोडपत होतो. आता त्याचा एकच कवचपंख उरलाय. तो पुठ्ठ्याच्या त्रिकोणी तुकड्यावर डिंकाने चिकटवला, टाचणीला तीच चिठ्ठी लावली आणि मगच पेटी बांधली.