तुम्ही विचारलेत म्हणून: बैठका नक्की किती माराव्यात?

मोठ्या खंडानंतर एकदम बैठका मारल्या, मांड्यांच्या स्नायूंना इजा झाली आणि रुग्णालय गाठावे लागले. तिथून घरी आल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातात. तरुण मुले विचारतात, ‘काका, रोज किती बैठका मारलेल्या चालतात?’ माझ्या वयाचे लोक विचारतात, ‘या वयात तालमीत जायची काय गरज होती?’ दुसरा प्रश्न नसून शेरा आहे, पण त्यालाही उत्तर देतो: मला जे झाले ते भरतीच्या सरावात नव्या जवानांनाही होते, तेव्हा सगळे माझ्या पन्नाशीवर ढकलू नका. कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायूंना धोका थोडा वाढतो, हे मात्र खरे, आणि ती गोळी मला चालू होती.

बदलीच्या गावी तालीम नव्हती, त्यामुळे व्यायाम पार सुटला होता. दसऱ्याच्या सुमारास, ऑक्टोबरच्या उकाड्यात, गावी आलो आणि जुन्या जोडीदारांबरोबर पूर्वीचाच आकडा पुरा केला. त्या वेळी काहीही झाले नाही. दम पुरला, छातीत कळ आली नाही, उलट अंग मोकळे झाल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, तेव्हा मी मनातून खूशच झालो आणि वेदनाशामक गोळी घेऊन कामाला लागलो. अशा वेळी त्या गोळीने मूत्रपिंडावरचा ताण आणखी वाढतो, हे मला नंतर कळले. तिसऱ्या दिवशी सकाळी शौचाला बसता येईना. मांड्या इतक्या सुजल्या होत्या की पायजमा वर चढत नव्हता, आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. घरच्यांना कावीळ वाटली. तपासणीत लघवीच्या पट्टीवर रक्त दिसत होते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नव्हत्या. तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘कुणी मारहाण केली आहे का?’

मला संताप आला. पण त्यांचा प्रश्न बरोबर होता, कारण माराने चेचलेल्या स्नायूंचेही असेच होते. या आजाराला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. त्यात स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतले मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूंतले लाल प्रथिन, रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करते; लघवीची पट्टी त्यालाच रक्त समजते. १९४१ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी बाँबहल्ल्यात ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांमध्ये मूत्रपिंडे अशीच निकामी होताना पाहिली होती. स्नायू फुटले की रक्तात वाढणारे क्रिएटिन कायनेज साधारण दोनशेपर्यंत असावे लागते, ते माझ्या रक्तात पाच आकडी झाले होते. सलाइनवर सलाइन लावत होते आणि तासातासाला लघवी मोजत होते. डायलिसिसची वेळ आली नाही, एवढेच.

म्हणजे व्यायाम वाईट का? हे मी मान्य करणार नाही. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम सांगते, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. त्यात बैठकांचा आकडा नाही आणि असू शकतही नाही, कारण जी संख्या माझ्या जोडीदारांना पचली तीच मला भोवली. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू भार सोसत ताणला जातो, आणि सवय नसलेल्या स्नायूला हे ताणणेच जास्त इजा करते. थोड्या बैठकांनी सुरुवात केली असती, तर त्याच स्नायूने पुढचे काही आठवडे बरेच अधिक सोसले असते. सुश्रुताने अर्ध्या शक्तीने व्यायाम करा असे सांगितले आहे खरे, पण खंडानंतर परतलेल्या माणसाला पूर्ण शक्ती कोणती वाटते? त्याच्या आठवणीतली. तिचे अर्धेसुद्धा त्याला झेपेलच असे नाही.

‘अंग दुखल्याशिवाय अंग होत नाही’ असे मी पोरांना वर्षानुवर्षे सांगत आलो. ते खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही. मात्र दुखणे आणि सुजणे यांतला फरक मी कधी सांगितला नव्हता, कारण मलाच तो ठाऊक नव्हता. आता कुणी आकडा विचारला, तर मी आधी त्याला गेल्या महिन्यातला त्याचा आकडा विचारतो. मुलांना हे उत्तर टाळाटाळीचे वाटते.

डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी बदलली आणि मोजक्या बैठकांना परवानगी दिली, त्याही सावकाश वाढवत. जुन्या आकड्यापर्यंत पुन्हा जायचे की नाही, यावर आमचे एकमत झालेले नाही.