थर्मामीटर खिशात ठेवून हिंडलेलं वर्ष

वर्षभर मी फ्लाय फिशिंग केलं, म्हणजे किड्यासारखा दिसणारा नकली गळ (फ्लाय) टाकून ट्राउट हा थंड पाण्यातला मासा पकडत हिंडलो. रॉडबद्दल आधीच सांगून मोकळा होतो. ९ फुटी, ५ नंबरच्या (हा दोरीच्या वजनाचा आकडा) लाइनचा एकच फ्लाय रॉड मी वर्षभर वापरला. अरुंद ओढ्यावर तो झाडांत अडकायचा, तलावावर वारा सुटला की कमी पडायचा, पण त्याच्यामुळे बेत कधी फसला नाही. बेत ठरवायचं ते पाण्याचं तापमान. मागून जाणाऱ्यांनी दुसरा रॉड घेण्याआधी दोरी बांधलेला साधा थर्मामीटर घ्यावा.

वसंताच्या सुरुवातीला बर्फ वितळू लागतं आणि मोठ्या नद्या फुगतात, गढूळ होतात. पाणी ४-५ अंशांवर असताना ट्राउट संथ डोहात तळाशी पडून राहतो, फारसं खात नाही. त्या दिवसांत मी झऱ्यांवर चालणारे ओढे धरले. झऱ्याचं पाणी वर्षभर जवळपास सारख्याच तापमानाचं असतं आणि नितळही. पहाटे उठायची गरज नाही, दुपारी १२ ते ३ हीच वेळ. पाणी १० अंशांच्या पुढे गेलं की मेफ्लाय उडायला लागतात.

हा किडा नीट बघावा असा आहे. महिनोन् महिने निम्फच्या (पाण्यातल्या बिनपंखी पिल्लाच्या) रूपात गोट्यांखाली राहतो आणि पंख फुटल्यावर तासाभरापासून फार तर दोन-तीन दिवस जगतो. प्रौढ मेफ्लाय काही खात नाही. पंख आल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा दुसरा कीटक नाही. हॅच, म्हणजे किडे पंख फुटून पाण्यावर येणं, सुरू झाल्याची वर्दी मला बहुतेक वेळा भिंगरी पक्ष्यांनी दिली. त्या पाण्याला लागून घिरट्या घालू लागल्या की फ्लाय बदलायला घ्यायचा.

इथे बरेच जण गडबडतात. पृष्ठभागावर खळबळ दिसते म्हणून ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारा) टाकत राहतात आणि मासा ढुंकून बघत नाही. खळबळीत माशाची पाठ आणि शेपूट दिसली, पण तोंड बाहेर आलं नाही, तर तो पृष्ठभागाच्या जरा खालचे, वर येऊ पाहणारे किडे खातोय असं समजा आणि अर्धा बुडून तरंगणारा फ्लाय लावा. तरीही घेत नसेल तर लाइनकडे बघा. प्रवाहाने लाइन ताणली की फ्लाय पाण्यावर रेघ ओढत जातो, आणि तेवढ्याने मासा बिथरतो. खालच्या बाजूने, वाकून, माशाच्या मागून जायचं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो.

उन्हाळ्यात नियम एकच: पाणी २० अंशांना टेकलं की रॉड गुंडाळायचा. समुद्रसपाटीला १० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना ९.१. झुंजून दमलेला मासा अशा पाण्यात सोडला तर पोहत गेलेला दिसतो, पण नंतर मरू शकतो. तेव्हा पहाटे मासेमारी आणि दुपारी डोंगर. उंचावरच्या तलावांवर भटकंती आणि गळ दोन्ही साधतं. तिथे ट्राउट काठाकाठाने गस्त घालतो, म्हणून फेकत सुटण्यापेक्षा एका खडकामागे बसून त्याची वाट बघावी. ढग गडगडला की मात्र कार्बनचा रॉड लगेच खाली ठेवायचा, वीज वाहून नेणारी वस्तू आहे ती.

ऐन उन्हात गार पाणी हवं तर उंच धरणाखालची नदी. जलाशयाच्या तळातलं पाणी सोडत असतील तर ती भर उन्हाळ्यातही थंड राहते. पाणी सोडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या, शिवाय काठाजवळचा एक दगड खुणेला धरा. तो बुडायला लागला की विचार न करता बाहेर. वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीचा) कमरपट्टा घट्ट हवा. पाय सुटलाच तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवा आणि उथळ जागा येईपर्यंत उभं राहायचा हट्ट धरू नका.

बुटांविषयीही सांगतो. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो हे शेवाळ सापडलं आणि २००८ मध्ये तिथे बुटांच्या नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळव्यांवर बंदी आली, कारण ओल्या नमद्यात ते जिवंत राहतं. रबरी तळवे घ्या, आणि एका नदीवरून दुसरीकडे जाताना सगळं धुऊन पूर्ण वाळवा.

शरदात ब्राउन ट्राउट अंडी घालतो. तळाच्या खडीत स्वच्छ, फिकट चट्टे दिसले तर तिथे पाय ठेवायचा नाही, अगदी पुढच्या वसंतापर्यंत, कारण अंडी आत असतात. मी तो काळ बहुतेक कडेकडेने चालण्यात घालवला आणि मला तो सगळ्यात आवडला.

हिवाळ्यात मुख्यतः मिज नावाचे बारीक किडे उडतात. त्यांच्यासाठी २० ते २२ नंबरचे गळ लागतात (आकडा मोठा तितका गळ लहान). रॉडच्या कड्यांत बर्फ धरलं तर रॉड पाण्यात बुडवून काढायचा, उपटायला जायचं नाही. बाकी संध्याकाळी फ्लाय बांधाव्यात. सुरुवातीला फेझंट टेल आणि हेअर्स इअर हे निम्फसारखे फ्लाय, ॲडम्स आणि एल्क हेअर कॅडिस हे ड्राय फ्लाय, १४ आणि १६ नंबरमध्ये. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे मासा पाण्याबाहेर न काढताच सुटतो.