रिकामा हात

दुपारी गवार निवडायला बसले की माझा डावा हात अगदी शहाण्यासारखा वागतो. शेंग धरतो, शीर ओढतो, टोक मोडतो. भाजी संपली आणि हात मांडीवर ठेवला, की याचं सुरू. अंगठा तर्जनीवर फिरत राहतो, जपमाळ ओढल्यासारखा. पार्किन्सन्सची ही खोडच आहे. हात कामात असला की कंप दबतो, विसावला की उफाळून येतो आणि गाढ झोपेत जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे एक तर राबा, नाहीतर सरळ झोपा. नुसतं बसायची सोय नाही.

डॉक्टर म्हणतात, झोपा. जेवणाआधी अर्धा तास गोळी, जेवण झालं की थोडी विश्रांती. फार लांबवायची नाही, नाहीतर रात्रभर टक्क जागं राहायचं. पटतं सगळं. पण दिवसाउजेडी पाठ टेकायची म्हणजे माझ्या जिवावर येतं. बेल वाजली की मी ताडकन उठते. ताडकन कसली, कुशीवर वळून, पलंगाची कड धरून, यथावकाश! आणि दार उघडताच पहिलं वाक्य, "छे, झोपले नव्हते हो."

हे आजोळचं वळण. आजोबांची वामकुक्षी म्हणजे घरात संचारबंदी. ओटीवर चटई, उशाशी पानाचा डबा. आम्हाला सागरगोटे खेळायचीसुद्धा बंदी, आवाज होतो म्हणून. आजी मात्र माजघरात. आठळ्या सोल, वाती वळ, तांदूळ निवड. "तू का नाही गं निजत?" असं विचारलं तर म्हणायची, "मी निजले तर चहा कोण ठेवील?"

जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या दुखण्यावर निबंध लिहिला तो अवघ्या सहा जणांवरून. त्यातले दोघे त्याला रस्त्यात भेटलेले, एकाला तर त्याने नुसतं लांबून पाहिलेलं. भलताच तयार नजरेचा माणूस.

तो आमच्या माजघरात डोकावला असता तर? आजीचे हात कधी रिकामे दिसले नाहीत. असलेच तर एक हात पदराखाली, दुसऱ्या हाताने घट्ट धरलेला. पुढे पुढे ती पावलं घाशीत चालायची. वय झालं, म्हणायचे सगळे. या आजारात अक्षर बारीक बारीक होत जातं, पुष्कळदा त्यावरूनच पहिली शंका येते.

आजीला लिहिता येत नव्हतं.