याझ्दच्या दुपारी, बादगीराखाली

जुलैमधली दुपार, दोनचा सुमार. इराणच्या मध्यभागातलं याझ्द शहर सामसूम होतं. जुन्या वस्तीतल्या गल्ल्या एवढ्या अरुंद, की दोन्ही बाजूंच्या मातीच्या भिंतींची सावली मिळून जवळजवळ पूर्ण वाट झाकते. मधूनमधून डोक्यावर कमानीचं छत येतं, त्याला इथे साबात म्हणतात. साबात संपून उघड्यावर पाऊल पडलं की ऊन अंगावर येतं. घराला गारवा द्यायचा तर सुरुवात गल्लीपासून करावी लागते, हे मला चालताना उमगलं.

मी आले होते दौलताबाद बागेतला बादगीर पाहायला. अठराव्या शतकातला हा अष्टकोनी मनोरा ३३ मीटरहून उंच आहे. बाद म्हणजे वारा, आणि गीर म्हणजे धरणारा. आपल्या ‘जहागीर’मधला गीर तोच. एवढी उंची कशासाठी? वर वारा जोरात असतो आणि धूळ कमी. ज्या बाजूने वारा येतो तिथल्या फटींतून तो आत शिरून खाली उतरतो, विरुद्ध बाजूच्या फटींतून आतली गरम हवा ओढली जाते. वारा पडला तरी गरम हवा मनोऱ्यातून वर चढत राहते. खाली पाण्याचं कुंड आहे. कोरडी हवा त्यावरून गेली की पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. मी तिथे उभी राहिले तेव्हा घामेजलेल्या मानेवरून गार झुळूक गेली आणि मी कितीतरी वेळ हललेच नाही.

पण फक्त बादगीराची नक्कल करून घर गार होणार नाही. दमट हवेत पाण्याची ही युक्ती चालत नाही. शिवाय खरं काम भिंती आणि दालनांची दिशा करतात. इथल्या जुन्या वाड्यांत मधोमध खोलगट अंगण असतं. अंगणाच्या दक्षिणेकडची दालनं उत्तरेला तोंड करून, ती उन्हाळ्याची. समोरची हिवाळ्याची, कारण खाली आलेला सूर्य थेट त्यांच्यात शिरतो. ऋतू बदलला की माणसं घरातल्या घरात बिऱ्हाड हलवत. हे मला फार शहाणपणाचं वाटलं.

आज वाळवंटात नवं घर बांधताना पश्चिमेला मोठाल्या काचा लावायच्या, छत पातळ ठेवायचं आणि मग एसीसाठी सौर पॅनेल मोजत बसायचं, हा क्रम मला अगदी उलटा वाटतो. आधी दिशा, सावली, छताचं आणि भिंतींचं उष्णतारोधन. एवढं झालं की यंत्र लहान पुरतं, पॅनेलही थोडी.

रात्री अकराला त्याच गल्लीतून परतताना भिंतीला तळहात लावला. ती अजून चांगली कोमट होती. आत पोचण्याआधीच दुपारचं ऊन पुन्हा बाहेर, मोकळ्या आकाशाकडे निघालं होतं.