बेसबॉलमध्ये कर्णधार असतो, पण तो करतो काय?

2 नोव्हेंबर 2025 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाची अंतिम लढत रंगात आली असताना हरमनप्रीत कौरनं चेंडू शफाली वर्माकडे दिला. शफाली नेहमीची गोलंदाज नव्हे. तरीही सुने लूस आणि मारिझान काप या दोघींना तिनं थोड्याच वेळात माघारी धाडलं. हा निर्णय कर्णधाराचा होता, मैदानावर उभं राहून घेतलेला. आपण सगळे क्रिकेटवर वाढलो, त्यामुळे कर्णधार म्हटलं की हेच चित्र डोळ्यांपुढे येतं.

अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये हे होऊच शकत नाही. पिचर (चेंडू टाकणारा) बदलायचा असला तर मॅनेजर (प्रशिक्षकासारखा संघप्रमुख) डगआऊटमधून (मैदानाकडेच्या संघाच्या बाकावरून) चालत माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) येतो, पिचरच्या हातातला चेंडू घेतो आणि नव्या पिचरला बोलावतो. संघाला कर्णधार असलाच तर तो आपल्या जागेवर उभा राहून पाहतो. मेजर लीग या तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत 30 क्लब आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना अधिकृत कर्णधारच नाही. ठाणे-वाशीकडचे जे लोक ऑक्टोबरात पहाटे साडेपाचला उठून, लोकल गाठण्याआधी वर्ल्ड सीरिजच्या (मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या) दोन-तीन इनिंग पाहतात, त्यांना हे नक्की खटकत असणार.

सुरुवातीला असं नव्हतं. 1869 साली सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा पहिला उघडपणे पगारी संघ उभा राहिला. त्याचा कर्णधार हॅरी राइट मूळचा क्रिकेटपटू. जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा, आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात त्याचे वडील व्यावसायिक खेळाडू होते. राइटचा पगार 1,200 डॉलर, शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागी) खेळणारा त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज 1,400 डॉलर घेई. हॅरी सेंटर फील्डला (बाहेरच्या मैदानाच्या मध्यभागी) उभा राहून संघ चालवायचा. मुख्य पिचर एसा ब्रेनर्डचा मारा बॅटरांना कळू लागला की तो स्वतः आत येऊन संथ चेंडू टाकायचा आणि ब्रेनर्ड बाहेरच्या मैदानात जायचा. आपल्याकडचा कर्णधार गोलंदाजीत बदल करतो, अगदी तसंच.

त्या काळात ‘मॅनेजर’ हा बहुतांशी व्यवहार पाहणारा माणूस. रेल्वेची तिकिटं, हॉटेल, गेटवरचे पैसे ही त्याची कामं, खेळ मात्र कर्णधाराचा. एड्रियन अँसन 1879 पासून 1897 पर्यंत शिकागो संघाचा कर्णधार आणि मॅनेजर दोन्ही होता, आणि लोक त्याला ‘कॅप’ याच नावानं ओळखत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या नियमपुस्तकांनीही कर्णधाराला वजन दिलं होतं. अंपायरशी बोलण्याचा हक्क फक्त त्याला. 1887 पासून आधी बॅटिंग करायची की नंतर, हे यजमान कर्णधार ठरवू लागला. यजमानांनी नेहमी नंतरच बॅटिंग करायची, असं नियमात पक्कं झालं ते थेट 1950 मध्ये.

मग हे अधिकार गेले कुठे? आमच्या मते सगळ्यात मोठं कारण खेळाडू बदलण्याच्या नियमात आहे, आणि त्याकडे फारसं कुणी पाहत नाही. सुरुवातीला नऊ जण उतरले की शेवटपर्यंत तेच नऊ. दुखापतीशिवाय बदली सहसा नाही. अशा खेळात जे काही ठरवायचं ते मैदानावरच्या जागांपुरतं, आणि ते आतल्याच माणसाला चांगलं दिसतं. 1891 मध्ये सामन्यात केव्हाही खेळाडू बदलण्याची मुभा मिळाली. पण बाहेर गेलेला परत येऊ शकत नाही. म्हणजे पिंच हिटर (ऐनवेळी बॅटिंगला पाठवलेला बदली खेळाडू) कधी वापरायचा, राखीव पिचर किती शिल्लक ठेवायचे, हा सगळा हिशेब बाकावर बसून करण्याचा झाला. सेकंड बेसवर धावत असलेल्या माणसाला तो कसा जमणार? काही वर्षं खेळणारे मॅनेजर टिकले, पुढे तेही विरळ होत गेले. शेवटचा पीट रोझ, 1986 पर्यंत.

मधल्या काळातलं एक उदाहरण फार बोलकं आहे. कॉनी मॅक यांनी फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स 1901 पासून 1950 पर्यंत सांभाळला, आणि तोही गणवेश न घालता सूट-टायमध्ये. साध्या कपड्यात मैदानात जाता येत नसे, म्हणून अंपायरशी वाद घालायला कर्णधार लागायचाच. हॅरी डेव्हिसनं ते काम बरीच वर्षं केलं.

न्यूयॉर्क यांकीजचा इतिहास वाचला की कर्णधारपद मानाचं कसं होत गेलं ते कळतं. बेब रूथला हे पद 20 मे 1922 ला मिळालं. 25 मेला त्यानं अंपायरवर माती फेकली, शेरेबाजी करणाऱ्या प्रेक्षकाच्या मागे तो स्टँडमध्ये चढला, आणि पद गेलं. वर 200 डॉलर दंड. 1935 मध्ये लू गेरिग कर्णधार झाला. तोवर कर्णधाराकडे नियमित उरलेलं एक काम म्हणजे सामन्याआधी लाइनअप कार्ड (खेळणाऱ्यांची यादी) होम प्लेटवर (बॅटर उभा राहतो तिथं) अंपायरकडे नेऊन देणं. 2 मे 1939 ला डेट्रॉइटमध्ये सलग 2,130 सामन्यांनंतर गेरिगनं स्वतःच आपल्याला बसवायला सांगितलं, आणि ज्या कार्डावर त्याचं नाव नव्हतं ते कार्ड तोच घेऊन गेला. कर्णधारपदाच्या साऱ्या इतिहासात याहून जड काम कुणी केलं असेल असं वाटत नाही. 1941 मध्ये त्याचं निधन झालं. मॅनेजर जो मॅकार्थी यांनी यापुढे कर्णधार नको असं ठरवलं, आणि 1976 मध्ये थर्मन मन्सनला नेमेपर्यंत ती जागा रिकामी राहिली.

इथं नोंदींचा घोळही आहे. 2003 मध्ये डेरेक जीटरला नेमलं तेव्हा क्लबनं त्याला अकरावा कर्णधार म्हटलं. डिसेंबर 2022 मध्ये आरन जज आला तो थेट सोळावा! दोघांच्या मध्ये कुणीच नव्हतं. झालं असं की जुनी वर्तमानपत्रं चाळणाऱ्या संशोधकांना सुरुवातीच्या काळातली सुटलेली नावं सापडली. त्या काळी कर्णधार म्हणजे रोजचं काम, त्याची घोषणा कोण जपून ठेवणार? म्हणून कुठल्याही क्लबची ‘पहिला कर्णधार’ अशी यादी दिसली तर 1920 च्या आधीची नावं तपासूनच मानावीत.

इतर क्लबांतही मोजकीच पण मोठी नावं आहेत. ब्रुकलिन डॉजर्सचा पी वी रीस, पिट्सबर्गचा विली स्टार्जेल. 1964 मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनं विली मेजला नेमलं, तो मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. बॉस्टनच्या जेसन व्हॅरिटेकनं छातीवर ‘सी’ हे अक्षर लावलं. ती आइस हॉकीची पद्धत, आणि तिथं कर्णधाराला पंचांशी बोलण्याचा खास हक्क आहे. बेसबॉलमध्ये त्या अक्षरामागे असा कुठलाच हक्क नाही. जीटरनं ते कधी लावलं नाही.

आजच्या नियमांत कर्णधाराच्या वाट्याला काय येतं? माउंडवर जाऊन पिचरशी बोलता येतं, पण 2024 पासून नऊ इनिंगमध्ये अशा फक्त 4 भेटी मिळतात, आणि खेळाडूची भेटही त्यातच मोजली जाते. शॉर्टस्टॉप धीर द्यायला उगाच दोनदा गेला तर आठव्या इनिंगमध्ये कॅचरला (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याला) पिचरसोबतच्या खुणा बदलायला भेट उरत नाही. व्हिडिओ रिव्ह्यू 2014 पासून मॅनेजर मागतो.

2026 च्या हंगामापासून एक गोष्ट बदलते आहे. बॉल-स्ट्राइकच्या (टाकलेला चेंडू बॅटरसमोरच्या ठरलेल्या पट्ट्यातून गेला की नाही, या अंपायरच्या) निर्णयाला आव्हान देण्याचा हक्क फक्त बॅटर, पिचर आणि कॅचर यांना. टोपीवर किंवा हेल्मेटवर हात मारायचा, तोही लगेच, डगआऊटकडे न पाहता. संघाला 2 आव्हानं, आणि बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. इतक्या वर्षांनी एक निर्णय मैदानात परत आला, पण कर्णधाराच्या नावानं नव्हे. यांकीजचा आरन जज राइट फील्डला (बाहेरच्या मैदानाच्या उजवीकडे) उभा असताना त्याला काही करता येणार नाही, त्याची पाळी फक्त बॅटिंगला आल्यावर. कॅन्सस सिटी रॉयल्सचा साल्व्हादोर पेरेझ मात्र 2023 पासून कर्णधार आहे आणि कॅचरही. तो प्लेटमागे बसेल तेव्हा त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा.