सोडवलेली अक्षरं

९ जानेवारी, गुरुवार

पौषात लग्नं नसतात, म्हणून या महिन्यात कवींना माझ्याकडे जागा मिळते. पत्रिकांचं काम बंद, त्यामुळे टेबलावर वह्या. आज दोन कवितासंग्रह आले आणि हळदीकुंकवाच्या निमंत्रणाची एक चिठ्ठी. चिठ्ठीचे पैसे रोख मिळाले.

खडेबाजाराच्या मागच्या बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. पाटीवर नियमाप्रमाणे साठ टक्के कन्नड, उरलेल्या जागेत मराठी आणि इंग्रजी दाटीवाटीनं. बेळगावात कविता लिहिणारं माणूस कधी ना कधी या पाटीखालून आत येतंच. निवृत्त मास्तर येतात, उद्यमबागच्या फाउंड्रीतला एक कामगार येतो, एक बस कंडक्टर येतात (त्यांच्या ओळी तिकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या, त्या लावायच्या म्हणजे डोळे फुटतात), एक अंगणवाडी सेविका येते. हिशेब सगळ्यांचा एकच. ऐंशी पानं, डेमी आकार, म्हणजे सोळा पानांचे पाच फॉर्मे. तीनशे प्रती. शंभर प्रकाशनाच्या दिवशी वाटायच्या, शंभर पाहुण्यांत, उरलेल्या माळ्यावर. विकायच्या किती, हे मी विचारत नाही. तेही सांगत नाहीत.

संध्याकाळी एका गावच्या संमेलनाच्या संयोजकांचा फोन. रविवारी कविसंमेलनात माझं नाव आहे. "ताई, सीमेवरची एखादी म्हणा. लोकांना आवडतं." माझ्याकडे सीमेवरची, म्हणजे बेळगावच्या सीमाप्रश्नावरची, कविता नाही. आईच्या मोतीबिंदूवरची आहे. मी "बघते" म्हटलं. हे बघते म्हणणं मला कधी सुटणार कोण जाणे.

१२ जानेवारी, रविवार

पाय दुखतात, पण लिहूनच झोपते.

सकाळी साडेसातला गावात पोचले, तर ग्रंथदिंडी निघालेली. पालखीत ज्ञानेश्वरी, पुढं लेझीम, मागं डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, भजनी मंडळ, आणि फेटे सावरत चाललेली शाळेची पोरं. दारादारांत रांगोळी. बाहेरच्या माणसाला हे सांगून खरं वाटत नाही. ज्या गावात पुस्तकाचं दुकान नाही, तिथं दर वर्षी साहित्य संमेलन भरतं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी... हिवाळा आला की रविवार पुरत नाहीत. मंडप गावाचा, तांदूळ गावाचा, दुपारची पंगत गावाची. इथं शेताचा उतारा कन्नडात येतो, सरकारी नोटीस कन्नडात येते. मग वर्षातला एक दिवस तरी आपल्या भाषेला पालखीत बसवून गावातून फिरवायचं, एवढा साधा हट्ट आहे हा. मला तो आवडतो. शहरातल्या काही शहाण्यांना त्यात नुसती जत्रा दिसते. असेना जत्रा.

कविसंमेलन शेवटच्या सत्रात. भाषणं लांबली की कात्री कवींनाच लागते. चौदा कवी, प्रत्येकी तीन मिनिटं. बायकांना आधी बोलावतात, म्हणजे आम्हाला घरी जायला उशीर नको. माझ्या आधी एका तरुणानं सीमेवरची कविता म्हटली. चार ओळींना एकदा मूठ वर, मंडपभर टाळ्या, दोनदा वन्स मोअर. कविता म्हणून ती कशी होती? आवाज चांगला होता. मी मोतीबिंदू म्हटला. सूत्रसंचालकानं दुसऱ्या मिनिटालाच चिठ्ठी सरकवली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं मात्र कविता संपल्यावर शेजारणीला मोठ्यानं विचारलं, "मग आपरेशन झालं काय गे तिच्या आईचं?" सगळे हसले. मीही हसले, पण आजची खरी दाद तीच.

सन्मानपत्र मिळालं. माझ्याच दुकानात छापलेलं. माझ्याच आडनावात वेलांटी चुकलेली.

मागच्या खुर्चीत तात्या बसलेले, जुन्या प्रेसमध्ये अक्षरं जुळवणारे. कविसंमेलनाला ते येतात, कविता म्हणत नाहीत. उठताना एवढंच म्हणाले, "तुझी चौथी ओळ लांब झाली. स्टिकमधनं बाहेर येणार." स्टिक म्हणजे अक्षरं जुळवून ओळ बसवायची पट्टी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ, वाणाची धावपळ. दुकान अर्धा दिवस.

दुपारी झोपायच्या ऐवजी इंदिरा संतांच्या कविता काढून बसले. रविवारचं मनातून जात नव्हतं. ४ जानेवारीला बाईंचा जन्मदिवस होऊन गेला, मला आज आठवला. १९१४ साली इंडीला जन्म, बालपण तवंदीला. कोल्हापूरला जाताना निपाणीच्या अलीकडं बस ज्या घाटात घरघरते, तेच तवंदी. नंतरची बरीच वर्षं आमच्या बेळगावात, ट्रेनिंग कॉलेजात शिकवत, पुढं तिथंच प्राचार्य.

एक गोष्ट आज पहिल्यांदा ध्यानात आली. १९४६ साली बेळगावात साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो तिथं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. त्याच १९४६ साली बाईंचे पती ना. मा. संत गेले. दोघांचा मिळून 'सहवास' हा संग्रह निघून सहा वर्षं झाली होती. बाई बत्तीस वर्षांच्या, पदरात लहान मुलं. त्यांचा एकटीचा पहिला संग्रह, 'शेला', त्यानंतर पाच वर्षांनी आला.

ठराव कुणी मांडला, कोण काय बोललं, याच्या आठवणी आमच्याकडे वर्षानुवर्षं निघतात. बाईंच्या त्या पाच वर्षांची आठवण कुणी काढत नाही. काढणार तरी कशी, ती कवितेतच आहे. आणि त्या कवितेत पाऊस आहे, घर आहे, न येणारं माणूस आहे. गोकुळात राधा झोपलेली असताना यांचं लक्ष गेलं ते कुब्जेकडे. सीमा नाही. तरी १९८४ साली 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमी मिळालं तेव्हा ते बेळगावचंच झालं, आणि आजही इथं कुठल्याही व्यासपीठावर पहिलं नाव बाईंचं घेतलं जातं. नाव घेऊन झालं की लगेच माझ्यासारखीला फोन: सीमेवरची म्हणा.

शंकर रामाणीही इथलेच म्हणायचे. मूळ गोव्याचे, राहिले बेळगावात, मराठीत लिहिलं, आणि अकादमी मिळालं ते १९९६ साली कोंकणी कवितेला. आमच्याच जिल्ह्यातल्या घोडगेरीच्या चंद्रशेखर कंबारांना कन्नडसाठी ज्ञानपीठ. भाषा इथं एकाच ओट्यावर बसतात, भांडणं चावडीवर होतात. (ही ओळ कवितेत घ्यावी का? नको. टाळ्या पडतील.)

१७ जानेवारी, शुक्रवार

हुतात्मा दिन. १९५६ च्या जानेवारीत बेळगाव म्हैसूर राज्यात जाणार हे कळल्यावर लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं गेली. सकाळी हुतात्मा चौकात अभिवादन असतं. तात्या दर वर्षी जातात. तिथून आज थेट माझ्या दुकानात आले, टोपी काखेत, कपाळावर घाम.

"काय करूलालीस गे?"

"तुमच्या कंडक्टरांचा संग्रह लावूलाले."

तात्यांबद्दल कधीतरी नीट लिहून ठेवायचं होतं, आज ठेवते. ते कंपोझिटर. सोळाव्या वर्षी प्रेसमध्ये लागले, खिळ्यांची छपाई बंद झाली तोवर तिथंच होते. शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे उलटे ठसे, ते ठेवायची खणाखणांची लाकडी केस, डाव्या हातात स्टिक. मराठीची केस आणि कानडीची केस शेजारी शेजारी. उलटी अक्षरं ते सुलट्यापेक्षा भरभर वाचत. अजूनही माझ्या स्क्रीनवरची चूक त्यांना दारातून दिसते. सगळ्यात आधी 'ळ'चा खण रिकामा व्हायचा म्हणतात. मुंबईहून येणाऱ्या खिळ्यांत 'ळ' मोजके, आणि आमच्या प्रत्येक कागदावर बेळगाव. मग तात्या मजकूर फिरवायचे. 'सकाळी' काढून 'प्रातःकाली' घालायचे. गिऱ्हाईकाला वाटायचं, काय भाषा आहे!

कविता ते कागदावर लिहीत नसत. संध्याकाळी पाळी संपली की थेट स्टिकमध्ये जुळवायचे. आठ ओळी, दहा ओळी. ओळ स्टिकच्या रुंदीत बसली पाहिजे, नाही बसली तर शब्द बदलायचा. एक प्रूफ (कच्चा छाप) काढायचं. मग अक्षरं सोडवून परत ज्याच्या त्याच्या खणात, कारण सकाळी मालकाला टेंडर नोटीस लावायची असायची. "कालची कविता आज पाणीपुरवठ्याच्या नोटिशीत गेली," हे ते अगदी सहज सांगतात. मला ऐकताना काटा येतो, त्यांना येत नाही.

त्यांनी शिकवलेली एक गोष्ट मी विसरत नाही. शिशाच्या छपाईत कोरी जागा आपोआप सुटत नाही. ओळ अर्ध्यात संपली तर उरलेल्या जागेतही शिशाचेच तुकडे बसवावे लागतात, फक्त बुटके, शाई न लागणारे. "कवितेच्या पानाचं वजन बातमीच्या पानाएवढंच भरतं, काय समजलीस? बाईंची कविता वाचताना मला ते तुकडं दिसतात." बाई म्हणजे इंदिराबाई.

आज मी विचारलंच. म्हटलं, तात्या, दर वर्षी चौकात जाता, मग एवढ्या वर्षांत सीमेवर एक ओळ कशी नाही तुमची?

जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "शहाऐंशीला कन्नडसक्तीचं आंदोलन झालं तवा पत्रकं कुणी जुळवली? रात्र रात्र. बाहेर पोलीस, आत दिव्याला कागद लावलेला. 'ळ' संपलं तवा चाकूनं खिळं कोरलं मी. ते काम केलं की. ते पत्रक हुतं. त्याला कविता कशाला म्हणू?"

मी गप्प. रविवारपासून मी त्या मूठ वर करणाऱ्या पोरावर मनात चिडून होते, आणि आपली मोतीबिंदूची कविता फार वरची आहे असं आतून धरून बसले होते. पत्रकाचं काम मी कधी केलं? मी पत्रिका लावते, जीएसटी लावून.

जाताना तात्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याची फाईल काढली. आत प्रूफं. पिवळी पडलेली, काहींच्या कडा उंदरानं खाल्लेल्या. मोजली तर अठ्ठावीस. "बाकीची गेली. ही बघून ठेव."

१९ जानेवारी, रविवार

दुकान बंद असतं, पण उघडलं. अठ्ठावीसही टाईप केल्या. चार तास.

कसल्या कविता आहेत? रोप लावणीच्या दिवसांत प्रेसमध्ये कामाला न आलेल्या पोराची एक आहे. दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी जाईपर्यंत थांबलेल्या सायकलींची एक. बायकोच्या हातावरच्या भाकरीच्या चटक्याची एक, सहाच ओळींची, ती टाईप करून मी उठून पाणी प्यायले. अख्ख्या अठ्ठाविसांत 'ळ' फक्त अकरा वेळा. मी मोजले. काटकसर हाडात गेलेली. एकीत 'आभाळ' यायलाच हवं होतं, तिथं त्यांनी 'वरचं निळं' केलंय. म्हणजे शेवटी 'ळ' लागलाच. पण 'आभाळ'पेक्षा ते चांगलं झालंय.

चार वाजता तात्या आले. मी हिशेब मांडूनच ठेवला होता. बत्तीस पानं, दोन फॉर्मे, दोनशे प्रती, टायपिंगचं काही घेणार नाही, मुखपृष्ठाला तुमच्याच एका प्रूफाचा फोटो. त्यांनी सगळं ऐकलं. खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले, एकेक पान खाली सरकवायला लावलं. दोन ठिकाणी अनुस्वार काढायला सांगितले. विसाव्या कवितेवर थांबून म्हणाले, "ही माझी न्हाई वाटत." मग परत वाचली. "हाय, हाय. माझीच."

शेवटच्या पानावर म्हणाले, "एकच काढ."

"एकच प्रत?"

"प्रूफ. एकेक."

प्रिंटर अठ्ठावीस वेळा घरघरला. त्यांनी कागद नीट टोकाला टोक लावून जुळवले, त्याच पुठ्ठ्यात घातले. जुनी प्रूफं माझ्या टेबलावरच ठेवली.

"आता सोडव," म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हटलं, तात्या, यात खिळे नसतात. अक्षरं कुणाला कमी पडत नाहीत. राहिली तर बिघडलं काय?

"सोडव म्हणतो नव्हं."

मी माऊस हलवला, काहीतरी उघडलं, काहीतरी बंद केलं. पडदा मोकळा झाला. म्हटलं, झालं. त्यांनी मान हलवली आणि वडगावच्या बसला उशीर होतोय म्हणत बोळातून निघून गेले.

फाईल आहे. 'पाणीपुरवठा' या नावानं सेव्ह केली आहे.